अठ्ठावीस मिलिमीटरचा डोळा

"नवऱ्याचं नाव सांगा," मी म्हणाले, आणि बाकावर बसलेल्या बारा बायकांनी एकदम माना खाली घातल्या.

सकाळचे साडेसात वाजले होते. सगळ्यांनी हिरवे झगे घातले होते, डोक्यावर त्याच कापडाच्या टोप्या होत्या आणि ज्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं त्याच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा होता. दर दहा मिनिटांनी घाटगे सिस्टर येऊन बाहुली मोठी करायचे थेंब घालून जात. माझं काम सोपं होतं. प्रत्येकीचं नाव विचारायचं, कागदाशी ताडून बघायचं आणि मनगटाला नंबराची पट्टी बांधायची. आत टेबलावर त्या नंबराप्रमाणे भिंगाची डबी उघडली जायची.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. ऑप्टोमेट्रीची पदवी घेऊन त्या तालुक्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात घाटगे सिस्टरांनी मला एक नियम सांगितला होता. "पेशंटला नाव विचारायचं. आपण वाचून दाखवायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

पण इथे विचारून कुणी सांगत नव्हतं. बाकावरच्या पहिल्या सरूबाईंना मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शेजारणीने त्यांना कोपर मारलं. "घे की गं, उखाणा घे. पोरगी वाट बघतीया."

सरूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "डोळ्याच्या आपरेशनाला घातला हिरवा झगा, दादासाहेबांचं नाव घेते, आता तरी मला बगा!"

बाक हसून हसून हलायला लागला. एकीच्या डोळ्यांतले थेंब गालावर आले. थिएटरचं दार उघडून डॉक्टर रणपिशांनी डोकं बाहेर काढलं.

"आसावरी, हळदीकुंकू चाललंय का? पहिला पेशंट टेबलावर पाहिजे मला."

दुसऱ्या बाईंनाही मी विचारलं. त्या लाजून लाजून शेवटी शेजारणीच्या कानात बोलल्या, मग शेजारणीने मला सांगितलं. घड्याळात सात पन्नास झाले होते. तिसरीपासून मी नावं वाचायला लागले. "शांताबाई ज्ञानू काळे?" मान हलायची, मी पट्टी बांधायची. काम सरसर उरकू लागलं.

"केराबाई म्हाकू बरकडे?"

कागदाच्या कडेवरून समोरच्या बाईंचा हात डोक्याकडे जाताना दिसला. पदर ओढायला गेला असावा. तिथे पदर नव्हता, टोपी होती. त्यांनी टोपीचीच कड धरून खाली ओढली आणि मान आणखी खाली घातली.

"तुम्हीच ना, आजी?"

उत्तर नाही. नाव ऐकून लाजल्या, असं मी धरून चालले. सतरा नंबरची पट्टी बांधली. माझी नजर कागदावर होती. पुढचा कागद होता केराबाई बिरू बरकडे. बाकाच्या टोकाला एक बाई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या.

"तुम्ही पण केराबाईच ना?"

"व्हय बाई."

बरकडे वस्तीवरून दोनच केराबाई आल्या होत्या, म्हाकूंची थोरली आणि बिरूंची धाकटी. एक ठरली म्हटल्यावर दुसरीला नवऱ्याचं नाव विचारायची गरजच नव्हती. मी अठरा नंबर बांधला आणि पुढे गेले.

यातली बिरूंची केराबाई मला आदल्या दिवशी भेटली होती. भेटली म्हणण्यापेक्षा तिचा डोळा मला भेटला होता, असं म्हणायला हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करण्याआधी डोळ्याची लांबी मोजतात. बुबुळाला एक बारीक नळी टेकवायची, आवाजाची लहर आत जाऊन मागच्या पडद्यावरून परत येते आणि यंत्रावर आकडा उमटतो. साधारण माणसाचा डोळा तेवीस मिलिमीटरचा असतो. त्या लांबीवरून आत बसवायच्या भिंगाची ताकद ठरते. सकाळपासून मी बावीस, तेवीस, साडेबावीस असे आकडे लिहीत होते, आणि एकदम अठ्ठावीस पूर्णांक चार आला. मी पुन्हा मोजलं. पाच वेळा मोजलं. पुस्तकातला डोळा पहिल्यांदाच माझ्या हाताखाली आला होता.

"आजी, तुमचा डोळा लांब आहे," मी उत्साहाने म्हणाले.

"लांब? म्हंजी कसा?"

"चित्र पडद्यापर्यंत पोचतच नाही. अलीकडेच पडतं. तुम्हाला लहानपणापासून लांबचं दिसत नसणार."

"मला वाटायचं समद्यांना असंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

दारात त्यांचे मालक उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, उंच आणि वाकलेले. ते हसायला लागले. "ताई, लगीन होऊन पन्नास वर्सं झाली. आमची वस्ती वढ्याच्या अल्याड, मेंढरं पल्याड माळावर. बाकीच्यांच्या बायका दारातनं वळखत्यात, आपला माणूस कुठला. ही मी अंगणात आलो तरी म्हणती, कोन हाय?"

"खोकलासा की वळखते की!"

"आता मुद्दाम खोकत येतो बगा मी. दम्याचं औषध घी म्हणून पोरगं मागं लागलंय."

मी त्यांना समजावलं, की मोतीबिंदू काढून आत जे भिंग बसवतो ते आजींच्या डोळ्याच्या मापाचं असेल. इतर बायकांना एकवीस-बावीस नंबरचं लागतं, आजींना फक्त आठ. ते बसलं की अलीकडे पडणारं चित्र बरोबर पडद्यावर पडेल. जन्मात दिसलं नाही ते दिसेल, चष्म्याशिवाय.

"मंजी माळावरनं मी हिला दिसंन?"

"दिसाल की! परवा सकाळी पट्टी काढली की दिसाल."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस का? आता खोकायचं बंद."

त्या दिवशी मी अडतीस जणांचे डोळे मोजले. संध्याकाळी खोलीवर जाताना मला ती लांबी आठवत होती, दशांशासकट. चेहरा आठवला असता तर दुसऱ्या दिवशी बाकापाशी मान वर करताच मी ओळखलं असतं. पण मान वरच केली नाही.

ऑपरेशनं छान झाली. पट्ट्या काढायच्या सकाळी वॉर्डात लग्नघरासारखा गलका होता. कुणी पंख्याची पाती मोजत होतं, कुणी शेजारणीला म्हणत होतं, "आगं, तू एवढी काळी हाईस व्हय?" अठरा नंबरच्या केराबाई मात्र खाटेवर रुसून बसल्या होत्या.

"बाई, काल जेवढं दिसत हुतं तेवढंबी न्हाई. लांबचं न्हाई, जवळचं न्हाई. समदं पान्यातल्यासारखं."

मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे डोळ्यात उजेडाची पट्टी मारून, पेशंटला काही न विचारता नंबर काढता येतो. समोर भिंगं धरत गेले. उजेड स्थिर झाला तेव्हा माझ्या हातात अधिक साडेनऊचं भिंग होतं. मापात अर्ध्या-पाऊण नंबराची चूक होते, एकाची होते. साडेनऊची होत नाही. मी त्यांना बाहेर बसवलं आणि सतरा नंबरला आत बोलावलं.

"आजी, दिसतंय का?"

"लई झ्याक दिसतंय गं पोरी!" त्यांनी तळहात नाकाशी धरला होता. "ह्या बग रेघा. किती सुरकुतला हात! कवापास्नं बगितला न्हवता."

तो आवाज मी ओळखला. मग चेहरा पाहिला. मनगटावर सतरा.

उजेड मारला. उणे साडेनऊ. दोघींचा आकडा एकच होता, चिन्हं उलटी. थोरलीचं एकवीसचं भिंग धाकटीच्या लांब डोळ्यात बसलं होतं आणि धाकटीचं आठचं थोरलीच्या. धाकट्या केराबाईंना आता नाकापासून चार इंचांवरचं स्वच्छ दिसत होतं. त्यापलीकडे मोतीबिंदूच्या आधी होतं तसंच धुकं.

डॉक्टर रणपिशांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"थोरलीचं भिंग आज दुपारीच बदलू. तिला काहीच दिसत नाही, थांबता येणार नाही. धाकटीच्या डोळ्याला मी पुन्हा हात लावणार नाही. एवढा लांब डोळा, मागचा पडदा ताणून पातळ झालेला. पुन्हा उघडला आणि पडदा सुटला, तर आहे तेही जाईल. महिन्याने जखम भरली की चष्मा द्यायचा. चष्म्याने तिला लांबचं दिसेल."

"पण सर, मी त्यांना सांगितलंय की चष्म्याशिवाय—"

"महिन्याचाच प्रश्न आहे."

"त्यांना सांगायला नको का, काय झालं ते?"

ते खुर्चीवरून उठले. "काय सांगणार? भिंगांची अदलाबदल झाली? आसावरी, मागच्या वर्षी त्या वस्त्यांवर कुणीतरी उठवलं, की डोळे काढून घेतात. पुढच्या शिबिराला एक माणूस आला नाही. दोन बायका घरात बसून पूर्ण आंधळ्या झाल्या, मोतीबिंदू पिकून फुटला. हे बाहेर गेलं तर किती वर्षं कुणी येणार नाही, सांग मला. थोरलीला म्हण, भिंग जरा सरकलंय, नीट बसवतो. धाकटीला म्हण, महिन्याने चष्म्याला या. दोन्ही खोटं नाही."

ते मला पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होते.

धाकट्या केराबाई मालकांबरोबर घरी निघाल्या तेव्हा मी व्हरांड्यात होते. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे टेकडी आहे, वर बिरोबाचं देऊळ. बिरूबाबांनी काठीने तिकडे दाखवलं.

"देवळावरचा झेंडा दिसतोय का?"

केराबाईंनी काठीच्या दिशेने तोंड वळवलं. डोळ्यावर काळा चष्मा होता, तो नुसता उन्हाचा.

"दिसतोय की."

"कसला हाय?"

"कसला म्हंजी? पिवळा!"

"आरं वा!" म्हातारबाबा एवढ्या मोठ्याने हसले, की पानवाल्याने वळून पाहिलं. मग ते माझ्याकडे आले आणि काठी काखेत धरून त्यांनी मला हात जोडले. "ताई, देव तुमचं भलं करो."

बिरोबाचा झेंडा पिवळाच असतो. वस्तीवर कुणालाही न बघता सांगता आलं असतं. मी तिथे तीन फुटांवर उभी होते. "बाबा, अजून लांबचं दिसणार नाही, महिनाभर थांबा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "महिन्याने चष्म्याला या हं, आजी." प्रत्येक पेशंटला म्हणतो तसं.

महिन्याने ऑपरेशन झालेल्या बायका चष्म्याला येऊ लागल्या. थोरल्या केराबाईही असतील, म्हणून मी रजिस्टर बघितलं. त्या एक दिवस आधी माझ्या सुट्टीत येऊन गेल्या होत्या. धाकट्या आल्या नव्हत्या. आणखी आठवडा गेला. मी त्यांचा चष्मा तोवर करून घेतला होता. डावीकडे उणे साडेनऊची जाड काच, उजव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता म्हणून तिकडे साधी काच. रविवारी तो पर्समध्ये घातला आणि एसटीने गेले.

फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर. पहिल्या घरासमोर थोरल्या केराबाई लसूण निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला लांबूनच हाक मारली.

"आगं, डोळ्याच्या ताई न्हवं का? बगा, वळखलं का न्हाई लांबनं!"

"ओळखलंत, आजी. धाकट्या केराबाईंचं घर कुठलं? त्या चष्म्याला आल्या नाहीत."

त्यांचा हात लसणावर थांबला. "तिचा म्हातारा गेला. अठरा दिस झाले. कसली येती चष्म्याला?"

मी तिथेच दगडावर बसले.

"तुम्हाला म्हणून सांगते," थोरल्या केराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "म्या ह्या माझ्या डोळ्यांनी बगितलंय. दुपारची येळ. मी खालच्या रानात हुते. म्हातारा पल्याडच्या माळावर बाभळीखाली बसला आन घोंगडं हलवाय लागला. छातीत दुखत असंल. मला वाटलं, आपल्या बायकूला हात करतोय, रोज करायचा तसा. आपरेशन झाल्यापास्नं त्यो रोज सांजचा वरनं हात करायचा हिला. आन ही दारात उभी! तोंड माळाकडंच. म्या म्हटलं, बगितलं हिनं, पोराला लावून दील. तर ही बाई आत गेली. सांजला मेंढरं एकटीच घरी आली."

"त्यांना दिसलं नसेल, आजी."

"दिसलं नसंल कसं? दोघींचं एकाच दिवशी आपरेशन. मला एवढं दिसतंय, तर तिला का दिसू नये? आन तीच सांगायची समद्यांना, मालक माळावरनं दिसत्यात म्हणून. पोरगं बोलत न्हाई आता आईशी. म्हणतं, बा हात करत हुता आन तू चुलीकडं गेलीस."

त्या मला घरापर्यंत घेऊन गेल्या. केराबाई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. त्यांचा मुलगा मायाप्पा अंगणात दावं वळत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दावं वळत राहिला.

"कोन हाय?" केराबाईंनी विचारलं. मी चार पावलांवर उभी होते.

"मी, आजी. दवाखान्यातली."

"ये पोरी. बस." त्यांनी हाताने चाचपून माझ्यासाठी पोतं सरकवलं. "मला यायचं हुतं महिन्याला. पन हे असं झालं."

काय बोलावं, ते मी एसटीत चार वेळा ठरवलं होतं. आता त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"आजी, बाबा रोज हात करायचे का तुम्हाला?"

"करायचं." त्या थोडं हसल्या. "घरी आलं की पयला सवाल, दिसलो का? मी म्हणायची, दिसलासा की. कुठल्या हातात काठी हुती? मी म्हणायची, उजव्या. एकदा डावी निगाली, तर म्हणालं, बगाय शीक आधी. लई खूष हुतं गं. दिसत न्हाई म्हणून कसं सांगू? दवाखान्यापतुर चालत आणलं हुतं मला. म्हटलं, पोरीनं सांगितलंय महिन्यानं या. मग खरंच दिसंल, मग हे खोटं फिटंल."

मायाप्पाचे हात थांबले. "मंजी? तुला दिसत न्हवतं?"

"न्हाई रं."

"मग समद्यांना कशाला सांगत हुतीस दिसतंय म्हणून? आता अंगाशी आलं तवा दिसत न्हवतं व्हय?"

केराबाईंनी पदर कपाळावर ओढला. थोरल्या केराबाई खांबापाशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर रणपिसे म्हणाले होते, दोन्ही खोटं नाही.

"त्यांना दिसत नव्हतं," मी म्हणाले. "दिसणं शक्यच नव्हतं. मी डोळा तपासलाय. चूक माझी आहे."

मग मी सांगितलं. दोघींच्या डोळ्यांची मापं वेगळी होती, भिंगं वेगळी होती आणि माझ्या हातून नंबराच्या पट्ट्या उलट बांधल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. थोरल्या केराबाईंनी तोंडाला पदर लावला. "आगं बया. माझं भिंग हिच्या डोळ्यात?"

मायाप्पा उठून उभा राहिला. तो मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. "पट्ट्या उलट कशा बांधल्या?" तो म्हणाला. "नाव इचारलं न्हाई?"

"वाचलं होतं. मी केराबाई म्हाकू म्हटलं. आजी काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, लाजल्या."

"म्हाकू?" थोरल्या केराबाई म्हणाल्या. "आवं ताई, त्ये तिचं थोरलं दीर! मी माझ्या मालकाचं नाव घेत न्हाई, तशी ती दिराचं घील व्हय? त्ये माझं न्हवं म्हटलं, तर मग कुठलं, म्हणून तुमी इचारणारच की."

"आन माझं कुठलं, ते कसं सांगावं?" केराबाई हळूच म्हणाल्या. "तेबी घ्यायचं न्हवतं. म्हटलं, शिकलेली पोरगी हाय, कागद बगून करती. तिला ठावं असंल."

कोंबडी ओसरीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही.

"मंजी माझंच चुकलं," केराबाई म्हणाल्या. "नुसती मान हलवली असती, न्हाई म्हणून. मानेला काय झालं हुतं?"

"नाही, आजी. मी वर बघायला हवं होतं. मी तुम्हाला ओळखत होते. नाव वाचायचंच नसतं, विचारायचं असतं. मला शिकवलं होतं."

"तू पोर हाईस. मी साठीची. जनमभर गप बसायची सवय, तशीच दवाखान्यात बसले. आन घरी येऊन बोलले, तर खोटं बोलले."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. त्या ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, आणि मला दिसत होतं, की यातलं काहीही आत जात नाहीये. मायाप्पा आईपासून हातभर अंतरावर येऊन बसला. दावं त्याने खाली टाकलं होतं.

मग मी पर्समधून चष्मा काढला. दुसरं काय करावं, ते कळलं नाही. "आजी, हा तुमचा. याने दिसेल."

"आता लांबचं बगून काय करू?" त्या म्हणाल्या, पण मी काड्या कानांमागे अडकवल्या तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी अंगणातल्या बाजेकडे पाहिलं. मग कुंपणाकडे. मग त्यापलीकडे ओढा, ओढ्याचा उतार, पलीकडचा चढ. नजर एकेक पाऊल टाकत गेली. तोंड किंचित उघडं राहिलं होतं. पलीकडचा माळ तिथून तीनशे मीटर असेल. उन्हात गवत पिवळं पडलं होतं आणि वरच्या अंगाला एक बाभळ होती.

"एवढं लांबचं दिसतंय समद्यांना?"

"हो, आजी."

"रोज?"

"हो."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. डाव्या डोळ्याचं पाणी चष्म्याच्या जाड काचेखालून ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"कुठं बसलं हुतं रं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"कशाला आता, आये?"

"सांग की."

"त्या बाभळीखाली. डाव्या अंगाला दगड हाय बग. तिथं."

"दगड दिसतोय." त्यांनी मान पुढे केली. "जा, तिथं जाऊन बस. आन हात कर."

"आये, नगं."

"जा म्हणते न्हवं. मला बगायचंय, दिसलं असतं का."

मायाप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तो उठला, चपला घातल्या आणि कुंपणाचं काटेरी झापड सरकवून निघाला. आम्ही तिघी ओसरीवर बसून राहिलो. तो ओढ्यात उतरला तेव्हा दिसेनासा झाला. केराबाई ताठ झाल्या. मग तो पलीकडच्या काठावर वर आला, आणि त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. अंग पुढे झुकवून, एक खांदा जरा पाडून तो चढ चढत होता. पन्नास वर्षं तो चढ त्याचे वडील कसे चढायचे, हे त्यांना आत्ता कळत असावं. थोरल्या केराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तो बाभळीखाली पोचला. दगडापाशी बसला. थोडा वेळ नुसताच बसून राहिला, मग त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि हात वर केला. पांढरं कापड वाऱ्यावर हलताना मला तिथून स्वच्छ दिसत होतं.

"आजी, दिसतंय का?"

दोन्ही हातांनी चष्मा धरून त्या बघत होत्या. माझी परतीची साडेतीनची एसटी निघून गेली असणार. वर मायाप्पाचा हात तसाच होता. दिसलं, आता खाली कर, हे सांगायला आमच्यापैकी कुणीच हात हलवला नाही, म्हणून त्याने तो खाली घेतलाच नाही.